आप्पांची इंग्रजी विचारपूस

धारूरमध्ये आप्पांच्या कापडदुकानासमोरून "जेवलात का?" हा प्रश्न चुकवून कुणी पुढं गेलेलं मी पाहिलेलं नाही. एसटीच्या खिडकीतल्या अनोळखी माणसालाही ते ओरडून विचारतात. उत्तर ठरलेलं. पोटात कावळे ओरडत असले तरी "झालं" म्हणायचं आणि सुटायचं.

घोळ झाला तो त्यांचा मुलगा इंग्लंडात गोरी बायको करून बसला तेव्हा. तिची आई, म्हणजे आप्पांच्या विहीणबाई, तिकडं एकट्या राहतात. दर रविवारी संध्याकाळी आप्पा त्यांना व्हिडिओ कॉल लावतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून मला शेजारी बसवतात, बोलू मात्र देत नाहीत.

"हॅव यू ईटन?" आप्पांनी विचारलं.

"नो, नॉट येट," बाई म्हणाल्या.

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. "न्हाई म्हणती की ओ सर. आता?"

आता काय, माझं कपाळ. विहीणबाई उपाशी असताना फोन ठेवायचा कसा? आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "ईट!" त्यांच्या मनात 'जेवा हो' होतं, तिकडं हुकूम पोचला. बाई दचकल्या.

"प्लीज तरी म्हणा," मी कुजबुजलो.

"घरच्या माणसाला प्लीज? परकी हाय का ती?"

बाईंनी निमूट पाव आणला. तो संपेपर्यंत आप्पा बघत बसले. असे चार रविवार गेले आणि मुलाचा मला फोन आला. "सर, सासूबाई विचारतात, माझ्या जेवणावर पाळत कशाला? बाबांना आवरा, नाहीतर त्या फोन घ्यायच्या बंद होतील."

मी आप्पांना समजावलं. तिकडं हाऊ आर यू म्हणतात, फाइन म्हणतात, मग हवापाण्याचं बोलतात.

"पाऊस पडला का इचारायचं, आन् पोटात काय पडलं ते न्हाई? कावून पण?"

का, ते मलाही सांगता येईना. उगाच चिडून म्हणालो, "इथं सगळे झालं म्हणतात म्हणून तुमचं भागतं. त्या बाई खरं सांगतात."

कापडाची घडी घालता घालता आप्पा थांबले.

"आमची बी झालंच म्हणायची," ते म्हणाले. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली. "दुकानातून रोज दुपारी फोन करून इचारायचो. झालं, म्हणायची. तिला घास उतरत न्हाई, हे मला दवाखान्यात कळलं. ही बाई न्हाई म्हणती, सर. हिला बी इचारू नको म्हणता?"

पुढच्या रविवारी फोन मीच हातात घेतला आणि बाईंना हे सगळं जमेल तसं सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि वाढलेलं ताट घेऊन समोर येऊन बसल्या.

आप्पांनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही.