कोहळ्याची दुसरी बाजू

पंडूने बालवाडीत आतापर्यंत चार जणांना चावे घेतले होते. तीन मुलं आणि एक तपासणीला आलेले साहेब. मुलांचं बालवाडीच्या विशालाक्षी टीचरनी पोटात घातलं, पण साहेबांच्या चाव्यानंतर त्यांनी पंडूच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. पोरगा वाईट नाही, त्या म्हणाल्या, त्याला राग आला तर ‘राग आलाय’ असं सांगता येत नाही, म्हणून तो दातांनी सांगतो. घरी खेळातून भावनांची नावं शिकवा. सोमवारपर्यंत फरक दिसला नाही तर नाव कमी करावं लागेल.

आंध्रातल्या त्या तणुकू गावात दुसरी बालवाडी नव्हती असं नाही. पण तिथल्या बाईंची मुलगी पंडूने चावलेल्या तिघांत होती.

पंडूचा बाप मल्लेश वीज कचेरीत मीटर तपासायचं काम करी. कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूकडे तो, ही काय आत्ता चालू होईल, अशा नजरेने बघे. पोराकडेही त्याने तसंच बघितलं. "आठवड्यात बघ," तो बायकोला म्हणाला, "घरातल्या सगळ्यांच्या भावना ओळखायला लागेल तो."

"आधी तुम्ही ओळखा," सौजन्या म्हणाली. "मला आत्ता काय वाटतंय, सांगा बरं."

मल्लेशने तिच्याकडे नीट बघून भूक लागली असेल असं सांगितलं. त्यावर ती आत निघून गेली.

पहिला खेळ पुठ्ठ्याचा केला. पुठ्ठ्यावर तोंडं काढली: आनंद, राग, रडू, भीती. मंगळवारी आनंद फाटला. बुधवारी पंडूने राग चावून चावून खाऊन टाकला आणि रात्रभर त्याचं पोट दुखलं. मल्लेश डगमगला नाही. त्याला फक्त चावता न येणारी वस्तू हवी होती, आणि ती स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसली होती. सौजन्याने सांडग्यांसाठी तीन कोहळे आणून ठेवले होते, एकेक पंडूच्या डोक्याच्या दुप्पट.

कोहळे तीन आणि भावना सहा, म्हणून मल्लेशने दोन्ही बाजूंनी तोंडं रंगवली. एकावर आनंद आणि मागे भीती. दुसऱ्यावर आश्चर्य आणि मागे हेवा. तिसऱ्यावर राग: लाल डोळे, बाहेर काढलेली जीभ, वर पिळदार मिशी, आणि मागे रडू, दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत निळे थेंब. खेळ असा की कोहळा जमिनीवर फिरवायचा, थांबला की समोर येईल त्या तोंडाचं नाव घ्यायचं, त्याला असं का वाटतंय ते सांगायचं आणि आता काय करायला हवं तेही सांगायचं. पंडूला खेळ भलताच आवडला. शुक्रवारपर्यंत तो दूधवाल्याला ‘तुला हेवा वाटतोय’ असं सांगू लागला. दूधवाल्याने विचार करून ते मान्य केलं.

शनिवारी सकाळी सातला दार वाजलं. बाहेर गोपालम गारू, म्हणजे आपल्याकडचे गोपालमराव, उभे होते; विशालाक्षी टीचरचे यजमान. बँकेतली नोकरी सोडून ते आज चौकात टिफिनचं, म्हणजे इडली-डोशाचं, हॉटेल उघडत होते. बेचाळीस मिनिटांनी मुहूर्त होता, आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायला आणलेला, राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा देठापासून कुजून निघाला होता. बाजार अजून उघडायचा होता. तुमच्याकडे कोहळे असल्याचं बायकोकडून कळलं, असं ते म्हणाले. बायकोला ते दूधवाल्याकडून कळलं होतं.

मल्लेशला हा थेट देवाने धाडलेला माणूस वाटला. ज्यांच्या हातात पोराचं नाव, त्यांच्याच दारात आपला कोहळा. त्याने रागाचा कोहळा उचलून आणला. गोपालम गारू तर हरखलेच. बाजारात मिळतो त्याहून हा कितीतरी भयंकर होता.

"मागच्या बाजूचं सांगितलंत त्यांना?" ते गेल्यावर सौजन्याने विचारलं.

"मागची बाजू भिंतीकडे असते," मल्लेश म्हणाला.

ती भिंतीकडे असतीही. पण गोपालम गारूंनी दोरी नवीन आणली होती, काथ्याची, पीळ भरलेली. पुरोहितांनी मंत्र म्हणून कोहळ्याला हळद-कुंकू लावलं, तो दारावर चढला, सगळ्यांनी हात जोडले, आणि वजनाने दोरीचा पीळ उलगडायला लागला. कोहळा सावकाश वळला. आधी एक लाल डोळा गेला, मग मिशी गेली, आणि मग हॉटेलच्या पाहुण्यांसमोर तो ढसाढसा रडू लागला. मग पुन्हा वळून रागावला. मग पुन्हा रडला.

पुरोहित म्हणाले, कोहळा फुटलेला पाहिलाय, कुजलेला पाहिलाय, चोरीलाही गेलेला पाहिलाय, पण मुहूर्तावर रडलेला नाही. काढता येईल का, असं गोपालम गारूंनी हळूच विचारलं. मंत्राने बांधलेला आहे, पुरोहित म्हणाले, आता अमावास्येपर्यंत हात लावायचा नाही. कोणीतरी दोरीला सुतळीचा ताण देऊन कोहळा फिरायचा थांबवला. थांबला तो रडक्या बाजूला.

मल्लेश बायकोपोराला घेऊन पोचला तेव्हा तीसेक पाहुणे इडलीच्या बशा हातात धरून वर बघत होते आणि खात कोणीच नव्हतं. विशालाक्षी टीचर तव्याजवळ उभ्या होत्या, चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं हसू. मल्लेशने एका नजरेत सगळं ताडलं आणि ठरवलं की काहीही न बोलता मुगाचा डोसा, पेसरट्टू, खाऊन निघायचं.

पण पंडूने कोहळा पाहिला होता. त्याच्या दृष्टीने खेळ सुरू झाला होता.

"रडू," तो मोठ्याने म्हणाला. "कोणीच खात नाही म्हणून. आता खायचं असतं."

पाहुण्यांनी मुकाट्याने एकेक घास घेतला. पंडू पुढे सरकला. कोपऱ्यातल्या पाहुण्याला त्याने हेवा असल्याचं सांगितलं. ते समोरच्या हॉटेलचे मालक निघाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. पुरोहितांना भूक. ती भावना नव्हती, पण कोणी वाद घातला नाही. मग तो तव्यापाशी गेला, मान वर करून टीचरकडे बराच वेळ बघत राहिला. मल्लेशने सौजन्याचा हात धरला. पोराचा धरण्याइतका तो जवळ नव्हता.

"टीचरना राग आलाय," पंडू म्हणाला. "वर हसू आहे. खाली राग आहे."

विशालाक्षी टीचरनी उलथनं खाली ठेवलं.

"का आलाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. तुम्ही सांगायचं. ज्याला आलाय तो सांगतो."

टीचरनी पदराला हात पुसले. मग पंडूकडेच बघत, बालवाडीत बोलतात तशा सावकाश आवाजात म्हणाल्या, "मला राग आलाय, कारण ह्यांनी बँकेची नोकरी सोडली आणि मला ते नंतर सांगितलं. तीन महिने झाले. मी हसतेच आहे."

तीस जणांच्या बशा जागच्या जागी थांबल्या. गोपालम गारू गल्ल्यामागून बाहेर आले. ते काय बोलणार, कोणालाच अंदाज नव्हता. त्यांनी टीचरकडे न बघता पंडूलाच विचारलं, "माझं काय दिसतंय रे?"

"भीती."

"हो," गोपालम गारू म्हणाले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "मला वाटलं, तू नको म्हणशील."

"म्हटलंच असतं," टीचर म्हणाल्या. "आणि मग दोन दिवसांनी हो म्हटलं असतं. तुम्ही ते दोन दिवस खाल्लेत माझे." त्यांनी डोळे पुसले, उलथनं उचललं आणि दोन पेसरट्टू एकदम उलटले. इतका वेळ करपल्याचा वास येत होता, तो थांबला. पाहुणे खायला लागले. समोरच्या हॉटेलच्या मालकांनीसुद्धा आल्याची चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

गर्दी ओसरल्यावर टीचर पंडूच्या टेबलापाशी आल्या. मल्लेश ताठ बसला होता. सोमवारी पंडूला पाठवा, त्या म्हणाल्या, त्याचं नाव राहील. मल्लेशने पद्धत कशी शास्त्रशुद्ध होती ते सांगायला सुरुवात केली. टीचरनी हात वर केला.

"कोहळा दोन तोंडांचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही इथे आलात आणि तो रडताना पाहिलात. तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"मला? काही नाही. मी ठीक होतो."

टीचरनी पंडूकडे बघितलं. पंडूने बापाकडे, म्हणजे त्याच्या नान्नाकडे, बघितलं आणि मान हलवली, अवघड प्रश्नाला हलवावी तशी.

"नान्नाला येत नाही अजून," तो म्हणाला.

"मग असं करा," टीचर म्हणाल्या, "पोराबरोबर तुम्हीही या. दर शनिवारी. लहान खुर्चीवर बसावं लागेल, आणि डबा घरून आणायचा."

शनिवारी कचेरीत मीटरची फार कामं असतात, असं मल्लेश सांगणार होता. पण शनिवारी त्यांना सुट्टीच असते, हे सौजन्याने आधीच सांगून टाकलं होतं, आणि ती, पंडू, टीचर, सगळे आता त्याच्या तोंडाकडे बघत होते. आत्ता आपल्याला नेमकं काय वाटतंय हे सांगून सगळ्यांना गप्प करावं म्हणून त्याने तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. शेवटी त्याने अजून एक पेसरट्टू मागवला.