मिस्टर शेन आणि अधिक महिना

मिस्टर शेन यांनी पहिल्याच भेटीत मला माझा वाढदिवस विचारला आणि तो चुकीचा असल्याचं सांगितलं. क्युपर्टिनोच्या त्या टाउनहाउसमध्ये आम्ही त्या दिवशीच राहायला येत होतो. माझ्या हातात मायक्रोवेव्ह, आणि हे शेजारचे गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कडक इस्त्रीच्या शर्टात माझ्या वाटेत उभे. ही सरकारी तारीख झाली, म्हणाले, चंद्राची सांगा. मी म्हटलं, आई दरवर्षी फोनवर आषाढातली कुठलीशी तिथी सांगते खरी. ते एकदम खूश झाले.

"मग आई बरोबर आहे. पासपोर्ट चूक."

शेन मूळचे चीनमधल्या एका लहानशा गावचे. इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेले. घरात ते आणि त्यांची बायको, जिला माझी बायको मेधा पहिल्या आठवड्यापासून शेनकाकू म्हणायला लागली. एकुलता एक मुलगा केव्हिन, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टनला.

"चंद्राची सांगा" हे त्यांचं पालुपद होतं. एक जानेवारीला आपण हॅपी न्यू इयर म्हणावं, तर ते नम्रपणे थँक यू म्हणत आणि जरा लवकर होतंय असं सुचवत. चायनीज ग्रोसरीत फुकट मिळणारं कॅलेंडर घरी आणून ते तपासत आणि चूक सापडली की दाखवायला दुकानात जात. त्यांना पार्किंगमध्ये पाहिलं की दुकानाचा मालक कोथिंबिरीच्या खोक्यांमागे गायब होई.

एकदा त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर संत्री मांडून आम्हाला सगळं समजावलं. अमावास्येचा दिवस हाच त्यांच्या महिन्याचा पहिला दिवस. डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवस धरायचा, त्यानंतरची बहुतेक वेळा दुसरी अमावास्या आली की नवीन वर्ष. म्हणून ते कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. पौर्णिमेचे सणही असेच मागंपुढं सरकतात. बारा चांद्रमहिने सूर्याच्या वर्षाला अपुरे पडतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक महिना जादा घालायचा.

मेधा म्हणाली, हा तर आमचा अधिक महिना. शेन हातातलं संत्रं तसंच धरून तिच्याकडे बघत राहिले. तेव्हापासून आमच्या घरातली त्यांची खुर्ची पक्की झाली.

या सगळ्या गणितात त्यांचा जीव एका वर्षावर होता. २००७ साली नवीन वर्ष रविवारी येतं आणि सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, हे त्यांनी कितीतरी आधी शोधून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी, सगळ्या घरानं एकत्र जेवायचं असतं. त्या जेवणाला केव्हिन कॉलेजनंतर कधीच आला नव्हता. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस त्याच्या बायकोच्या माहेरी जात. आणि यांचे सण यायचे मंगळवारी, बुधवारी. २००६चं नवीन वर्ष रविवारी आलं होतं, पण सोमवारी ऑफिस. बॉस्टनहून येऊन परत जाणं जमलं नाही. शेन म्हणाले, ठीक आहे, चंद्रानं पुढच्या वर्षीची सोय करून ठेवली आहे.

त्याच उन्हाळ्यात शेनकाकूंच्या पोटात दुखायला लागलं. कॅन्सर निघाला, आणि पसरलेला निघाला.

चिनी सातवा महिना भुतांचा मानतात. त्या वर्षी नेमका तोच महिना जादा आला होता, म्हणजे सातवा महिना दोनदा. हॉस्पिटलमधून परत आल्यावर काकू गाडीतून उतरता उतरता मेधाला म्हणाल्या, यंदा भुतांना पण सुट्टी वाढवून मिळाली. मेधा हसली आणि घरात येऊन सिंकपाशी रडत बसली.

जादा महिन्यामुळे त्यांचे पुढचे सगळे सण लांबले. एरवी त्यांची चंद्रपूजेची पौर्णिमा आमच्या भाद्रपदात येते. त्या वर्षी ती थेट कोजागिरीला आली. आम्ही पॅटिओत मसाला दूध केलं, त्यांनी मूनकेक आणले. काकू पांघरूण घेऊन बसल्या होत्या. दुधाचा एक घोट घेऊन त्यांनी वाटी नवऱ्याकडे दिली. शेननी ती मुकाट्यानं संपवली. त्यांना दूध पचत नसे, हे मला नंतर कळलं.

केव्हिन लगेच येतो म्हणत होता. काकूंनीच त्याला थांबवलं. रजा घालवू नकोस, लाँग वीकेंडला ये. तिकिटं काढून झाली होती. काकूंनी मेनू ठरवला, अख्खा मासा कुठून आणायचा तेही ठरवलं. जानेवारीत त्या टेबलाशी बसून भाताची पेज खात होत्या. फेब्रुवारी लागला आणि त्या उठेनाशा झाल्या. नवीन वर्षाच्या थोडेच दिवस आधी, एका सकाळी शेन आमच्या दारात आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"ती गेली," म्हणाले. "मी अँब्युलन्सला फोन करू की आणखी कुणाला?"

केव्हिन आला. तीन दिवस राहिला. टेकडीवरच्या सिमेटरीत वारा होता आणि तो आईच्या खड्ड्याशी हात खिशात घालून उभा होता. मला म्हणाला, डॅड फोनवर सारख्या तारखा सांगतात, मला त्यातलं काही कळत नाही. ऑफिसनं दिलेली रजा संपली, पुढची तिकिटं त्यानं कॅन्सल केली आणि तो गेला. आताच तर येऊन गेलो, असं त्याला वाटलं असावं.

शनिवारी संध्याकाळी मेधानं मला शेनना जेवायला बोलवायला पाठवलं. ते आले, पण उंबऱ्याबाहेर थांबले. ज्याच्या घरात मयत झालं आहे त्यानं नवीन वर्षात कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणाले, त्या घराला ते बाधतं. मेधा हात पुसत पुढे आली.

"काका, आमच्याकडे आज नुसती अमावास्या आहे. आमचं नवीन वर्ष पाडव्याला, त्याला अजून महिना आहे."

ते खाली बघून मनात काहीतरी जुळवून पाहत होते. मग बूट काढून आत आले.

जेवताना ते म्हणाले, जादा महिना आला नसता तर नवीन वर्ष जानेवारीतच झालं असतं. शुक्रवारी. केव्हिन आला नसताच. पण ती टेबलाशी बसली असती.

वरणभात कालवता कालवता ते पुढे बोलत राहिले. हे सण, तिथ्या, सगळं काकूंचं होतं. त्यांना स्वतःला त्यात कधी रस नव्हता. केव्हिन बॉस्टनला गेल्यावर ते शिकले. नुसतं कसा आहेस विचारलं की तो फाइन म्हणतो आणि फोन ठेवतो. सणाची तारीख सांगायची असली की थांबतो, कागद शोधतो, पुन्हा एकदा विचारतो. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून दरवर्षी सांगावी लागते.

मेधानं विचारलं, आता पुढचा सण कुठला?

"एप्रिलमध्ये कबर साफ करायची असते," शेन म्हणाले. "पण ती तारीख चंद्रावर नाही, सूर्यावर आहे. फारशी हलत नाही. केव्हिनला ती लहानपणापासून पाठ आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तरी फोन केला तर चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.