बोरकुटेकाकांचे आठ बोल्ट

काठोकाठ कढीनं भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन मी एका जुनाट पिकअप गाडीत बसलो आणि अयोध्या नगरातले अकरा स्पीडब्रेकर पार केले. हे मी पूर्ण शुद्धीत केलं. घरी आलो तेव्हा माझ्या पँटकडे बघून बायकोनं मला दारातच थांबवलं.

पातेलं माझ्या मांडीवर ठेवणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी बोरकुटेकाका. मूळचे नागपूरचे. भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. "काका, कढीऐवजी पाणी नसतं का चाललं?" मी विचारलं.

"पाणी वाळून जाते ना साहेब. पुरावा राहत नाही. कढी डाग सोडते." त्यांनी वाकून माझ्या मांडीवरचे डाग निरखले आणि वहीत लिहिलं, 'उजवीकडे जास्त.'

मला धक्का बसायला तसं फार लागत नाही. पुण्याहून बदलीवर इथे आलो, तेव्हा भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर फुकट दिली, त्यातूनच मी आठवडाभर सावरलो नव्हतो. अशा माणसाच्या नशिबी हा शेजार आला.

पिकअप काकांनी भंगारातून आणली होती. अशा गाडीची केबिन खालच्या सांगाड्यावर आठ बोल्टांनी बसवलेली असते आणि मध्ये रबराच्या जाड चकत्या असतात, म्हणजे रस्त्याचा हादरा वर पोचत नाही. हे ज्ञान मला नको होतं. एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर समोर नुसता सांगाडा आणि चार चाकं. केबिन कडुनिंबाच्या फांदीला चेनपुलीनं टांगलेली, आणि आत काका चहा पीत बसलेले.

"या साहेब, बसा," ते वरून म्हणाले. मी बसलो नाही. दूधवालाही दोन दिवस आमच्या गल्लीत आला नाही.

त्याआधी जुने बोल्ट काढायलाच त्यांना दोन महिने लागले होते. हातोडा मारणं त्यांच्या लेखी पाप. रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी काकूंच्या औषधाच्या ड्रॉपरनं प्रत्येक बोल्टवर चार थेंब तेल सोडायचं आणि वाट बघायची. "जबरदस्ती नाही करायची," हे त्यांचं पालुपद. "लोखंड रुसलं की कोणाचंच ऐकत नाही." एक बोल्ट एकोणीस दिवस रुसला होता. शेवटी निघाला तेव्हा त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. गंजून चिंचोक्याएवढा उरला होता.

"याच्यावर केबिन उभी होती?" मी विचारलं. हे काम सुरू व्हायच्या आदल्याच आठवड्यात मी याच गाडीतून आमचं कपाट आणलं होतं.

"बोल्टवर नाही साहेब," काका म्हणाले, "सवयीनं उभी होती."

कढीच्या दिवशी, म्हणजे नवे बोल्ट बसवून हादरा तपासायच्या दिवशी, मात्र माझा संयम संपला. मी तडक काकूंकडे तक्रार घेऊन गेलो. निर्मलाकाकू खिडकीशी कडक गादीवर पडल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते माझ्यासाठी करून राहिले हो."

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर एकदा रिक्षात बसल्या, तर दुसऱ्याच स्पीडब्रेकरला घेरी आली. तेव्हापासून त्या गल्लीबाहेर पडल्या नव्हत्या. भोपाळातच टी. टी. नगरला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे महालक्ष्म्या, म्हणजे आमच्या पुण्याकडच्या गौरी, बसतात आणि दोघींना साडी नेसवायची ती काकूंनीच, हा त्या घरचा नियम. दोन वर्षं तो मोडला होता. "बहीण नेसवते," काकू म्हणाल्या, "पण निऱ्या बसतच नाहीत म्हणून फोनवर रडते. मी इथून काय सांगू?" महालक्ष्म्या यायला तीन आठवडे होते. मला स्वतःची लाज वाटली.

नवे बोल्ट, नवी रबरं, तरी कढी माझ्या मांडीवर का, या प्रश्नानं काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी दोष सापडला तो त्यांच्या हातांत. जन्मभर घराएवढी यंत्रं आवळणाऱ्या त्या हातांनी रबरंही तशीच आवळली होती. चकत्यांचे पापड झाले होते.

"सैल सोडायची आदतच नाही मला," काका म्हणाले. एवढं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी नवी रबरं आणून पुन्हा सगळं बसवलं, या वेळी बेतानं. मी आपण होऊन पातेलं मागितलं. अकरा स्पीडब्रेकर झाले, थेंब सांडला नाही.

महालक्ष्म्या आणायच्या दिवशी काकू पुढे बसल्या. मागच्या हौद्यात मी, साड्यांची पिशवी घेऊन. काका इतकी हळू गाडी चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. एका स्कूटरवाल्यानं विचारलं, "अंकल, धक्का लगा दूँ क्या?" काकांनी मानसुद्धा वळवली नाही.

बहीण फाटकातच उभी होती. काकूंनी स्टुलावर बसून दोघींना साड्या नेसवल्या. एकेक निरी अशी बसली की घरातल्या बायका हातातली कामं टाकून बघायला आल्या. परत आल्यावर काकांनी काकूंना हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "दुखलं का?"

"नाही हो. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं." माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघतो तर काका गाडीखाली, आणि रबरं पुन्हा तपासायला आठही बोल्ट ढिले केलेले. मला पुन्हा धक्का. त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं, काकूंना पुन्हा न्यायचं होतं.

"काका, काकू तर म्हणाल्या ना, काही दुखलं नाही."

काकांनी गाडीखालून हात काढून पाना ओढून घेतला. मग काका म्हणाले, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत ती हेच म्हणत होती साहेब. अन् मी खरं मानत होतो."

मी बाह्या वर केल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवा झालो. निघायला अजून चार तास होते.