सव्वा किलोमीटरची जर्सी

उन्हाळ्यात सायकल चालवताना काय घालावं, या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस तुम्हाला शोधूनही सापडणार नाही! सायकलपटूच आहे मी. रोज घर ते दुकान, सव्वा किलोमीटर. हसू नका, मध्ये एक चढ आहे!

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. म्हणजे अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकापासून एका वितीवर बसून "हे स्पष्ट, की ते स्पष्ट?" असं दिवसभर विचारायचं. आता वितीवर म्हटल्यावर घामाचा प्रश्न आलाच. माझा झुळझुळीत नायलॉनचा टी-शर्ट वाळायचा पटकन, पण वाळल्यावर असा काही दरवळायचा, की गिऱ्हाइकं तक्त्यावरच्या ओळी न बघताच घडाघडा काहीतरी म्हणून उठायची. "सगळं दिसतंय! दार कुठंय?"

शेवटी मालकांनी बोलावून घेतलं. "कपडे बदला," ते म्हणाले, "नाहीतर नोकरी बदला."

सुती शर्ट आणला. तो चढावरच ओलाचिंब होऊन अंगाला असा चिकटला, की सोलायला बायको लागली. लिननचा आणला. तो दुकानात पोचेपर्यंत रद्दीतून काढल्यासारखा दिसायचा. मग कुठेतरी वाचलं, उन्हात सायकल चालवायला बारीक लोकर सगळ्यात उत्तम! घाम शोषते, वास धरत नाही. लोकर श्वास घेते!

"ऐन उन्हाळ्यात लोकर?" बायको म्हणाली. "डोळ्यांबरोबर डोकंही तपासतात का हो तुमच्या दुकानात?"

पण सासूबाईंनी मान वर केली. त्या आमच्याकडेच असतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं, की आपली नजर गेली ती गेलीच. पेपर बंद, शिवण बंद, विणकाम बंद. नुसत्या खिडकीशी बसून राहायच्या. मी दहा वेळा तपासलं. "आई, तुमची नजर उत्तम आहे!" त्यावर दहाही वेळा एकच उत्तर, "तुम्ही घरचे. तुम्ही असंच म्हणणार."

त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "बारीक म्हणजे किती बारीक लोकर?"

पाच आठवडे त्या खपत होत्या. "चुकलं असेल हो, मला कुठे दिसतंय!" असं म्हणत त्यांनी माझ्या हातात एक पोपटी जर्सी ठेवली. वजनाला पिसासारखी, आणि एक टाका इकडचा तिकडे नाही! ती मी दोन्ही हातांनी घेतली. पुन्हा सुया हातात धरल्या होत्या ना त्यांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून ऐटीत सायकल काढली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहेब, ताप आहे का?" मी ठरवलं, आता कोणी काहीही म्हणो, मागे वळून बघायचं नाही!

पहिल्या वळणावर कमरेला गार झुळूक लागली. वा! लोकर कामाला लागली!

"ओ काका, मागे बघा, मागे!" कोणीतरी ओरडलं. मी ताठ मानेने पुढे.

चौकात पोचेपर्यंत गारवा पोटापर्यंत आला होता. "सुटलंय! सुटलंय!" भाजीवाली हात नाचवत म्हणाली. माझ्या वेगाचं कौतुक! मी हात हलवून आभार मानले. चढावर तर पाठभर वारा! एरवी त्या चढावर माझा फेस निघतो. आज घामाचा थेंब नाही! मनातल्या मनात मी मेंढ्यांना दंडवत घातला.

दुकानात शिरलो तो छाती फुगवूनच. "बघा मालक! उन्हातून आलोय, आणि आतून कसा गार आहे!"

मालक बघतच राहिले. एक बाई तपासणीची जाड फ्रेम डोळ्यांवर चढवून बसल्या होत्या. मालकांनी गडबडून त्यांनाच विचारलं, "आता... स्पष्ट दिसतंय का?"

"अक्षरं नाही दिसत," बाई म्हणाल्या, "पण यांचं पोट स्पष्ट दिसतंय."

चष्म्याच्या दुकानात आरसे किती असतात, मला त्या क्षणी कळलं. बावीस! बावीस आरशांत बावीस मी. प्रत्येकाला गळा पूर्ण, बाह्या पूर्ण, छातीखाली मात्र नुसता मी! आणि मागे एक पोपटी धागा दारातून बाहेर, फुटपाथवरून, थेट चढाखाली गेलेला.

मालकांनी कात्री पुढे केली. "कापा आणि कोट चढवा!"

"कापू? आईंची जर्सी कापू?" मला रडूच फुटायला आलं. दोन महिन्यांनी आईंनी सुया धरल्या, आणि मी ती एका फेरीत उसवून आलो! आता त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार. मी घाईघाईने घरी फोन लावला.

"अहो, आई कुठे गेली?" बायकोच म्हणाली. "तुमच्या मागोमागच गेली. फाटकाच्या कडीत काहीतरी अडकलेलं बघितलं आणि अनवाणी पळाली!"

माझ्या पोटात गोळा आला. आणि तो गोळा आल्याचं आता सगळ्यांना दिसतही होतं!

एवढ्यात धाग्याला हिसका बसला. एक ओळ उसवली. आणखी एक. कोणीतरी पलीकडून गुंडाळत येत होतं! मी दोन्ही हातांनी छाती धरून उभा राहिलो. दार उघडलं. कलिंगडाएवढा पोपटी गुंडा घेऊन सासूबाई आत आल्या, आणि मागोमाग चौकातला ट्रॅफिक हवालदार.

"लागलं का कुठे?" सासूबाईंनी माझे खांदे चाचपले, गुडघे बघितले. "चाकात धागा गुंतून पडलात की काय, या धास्तीने जीव अर्धा झाला माझा!"

"मी ठणठणीत आहे, आई. पण तुमची जर्सी..."

"मरू दे ती जर्सी! माणूस धड आहे ना!" असं म्हणून त्या खुर्चीत टेकल्या आणि हसायलाच लागल्या. मला इतकं हलकं वाटलं, की उरलेली जर्सी नसती तरी चाललं असतं!

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. "मला वाटलं, रस्त्याचं मोजमाप चाललंय. दोरी तुटायला नको म्हणून चारी बाजूंची वाहनं थांबवून ठेवली मी! मग या आजी गुंडाळत आल्या. म्हटलं, सरकारी दोरी आहे, हात लावू नका. तर माझ्यावरच खेकसल्या, सरकारी कसली, जावयाची आहे!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आई, हा केसासारखा धागा. ऊन, धूळ, गर्दी. सव्वा किलोमीटर! सगळा दिसला तुम्हाला?"

"दिसला की! न दिसायला काय झालं?" त्या बोलून गेल्या. हातातल्या गुंड्याकडे बघितलं, समोरच्या तक्त्याकडे बघितलं. मग तिथूनच, चष्म्याशिवाय, हळूहळू शेवटची ओळ वाचली. बरोबर!

"मला तर तो धागा निम्म्या ठिकाणी दिसलाच नाही," हवालदार म्हणाले. "आजीच बोट दाखवत होत्या."

"बसा ना तुम्ही," मालकांनी लगेच त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. धंदा तो धंदा!

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी आठवडाभराचे पेपर मागितले. मग सुया घेतल्या. मी शेजारी बसलो. इतकं निवांत किती दिवसांत वाटलं नव्हतं.

"पुन्हा जर्सीच ना, आई?"

"छे! जर्सी काय, डोळे मिटूनही होईल. आता नजर आहे म्हटल्यावर काहीतरी अवघड करते." त्यांनी माझ्या कमरेला टेप लावली. "सायकलची चड्डी!"

सध्या मी दुकानात चालत जातो. सायकल पंक्चर आहे, असं घरी सांगितलंय.