हेतू : सहज

ज्या गावात चोरी होत नाही त्या गावाने चोरीला सर्वांत जास्त भ्यावं, कारण त्याला तिची सवय नसते. हा विचार माझा नव्हे. आमच्या नागावच्या आळीचे बाळाजीशेठ एकोणीसशे चौतीस सालच्या सभेत हे बोलले आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की बाया घरी जाऊन आपापले हंडे मोजत बसल्या. (एकही कमी नव्हता. त्याने भीती वाढलीच.)

सभेला निमित्त होते माझे धाकटे दीर, दिनानाथ. मुंबईत घंटा बसवणाऱ्या एका दुकानात आठ वर्षं काढून ते रेवसच्या बोटीने परत आले, ते तारेची वेटोळी, बारा कळा आणि काचेच्या बरण्या घेऊन. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी, आणि त्यातून म्हणे वीज निघते. (शेजारच्या केसरने पहिल्याच दिवशी एका बरणीत कैऱ्या घातल्या. बरणी चालली. कैऱ्या नाही चालल्या.)

योजना अशी : घराचं दार कुणी उघडलं की माझ्या पडवीत चोरघंटा वाजणार आणि फळीवर त्या घराचा आकडा खाली पडणार. घंटा वाजून उपयोग नाही, ती ऐकणारं माणूस हवं, म्हणून माझी नेमणूक झाली. एक तर मी पडवीत सुपारी सोलत बसलेलीच असते, आणि दुसरं म्हणजे वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मला लिहिता येऊ लागलंय. वहीत रकाने चार. वेळ, घर, इसम, हेतू.

अडचण फक्त एक निघाली. दार उघडायचं तर ते आधी बंद असावं लागतं, आणि आमच्याकडे दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं. थळची मासळीवाली सखुबाई पहिल्या दिवशी आळीत शिरली. ओळीने बारा दारं बंद बघून तिने पाटी खाली ठेवली आणि पदर तोंडात घातला. "अगो बाय, सगलीच गेली का गो? पटकी आली का काय?"

"न्हाय गो, सुधारणा आली," केसर खिडकीतून म्हणाली.

आता आकडे देते. घंटेपूर्वीच्या तीस वर्षांत आळीत चोरी एक : बाळाजीशेठांची विळी. ती दुसऱ्या दिवशी परत आली, धार लावून. घंटा बसल्यावर पहिल्याच महिन्यात घंटा वाजली दोनशे चौदा वेळा. विस्तव न्यायला आलेले एकसष्ट, विरजणाला आलेले अडतीस, सहज आलेले चौऱ्याहत्तर, मांजर बावीस, वारा नऊ, आणि घंटा बंद ठेवायची कळ फिरवायला विसरून आपल्याच घरात शिरलेले मालक दहा. सभेने नेमलेल्या समितीने वारा, मांजर आणि मालक यांना माफी दिली. उरल्या एकशे त्र्याहत्तर चोऱ्या. "बघा," बाळाजीशेठ म्हणाले, "घंटा नसती तर यातली एकही कळली नसती!" खरंच होतं ते.

प्रकार इतका वाढल्यावर सुधारणा करणं भागच होतं. भावोजींनी उंबऱ्यापुढे पाय पडताच घंटा वाजवणारी एक फळी बसवली, त्यामुळे आत न येता नुसतं "अगं ए" म्हणणारेही सापडू लागले. मग मागचं दारही तारेला जोडलं. समितीने नियम केला की दहा नोंदी झाल्या की नाव पोलीस पाटलाकडे. आणि हेतू 'सहज' असेल तर एकाच्या दोन नोंदी धरायच्या. कारण विरजणाला आलेल्याला निदान विरजण तरी हवं असतं. सहज आलेल्याला काय हवंय ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. अशा माणसावर लक्ष हवंच.

चौथ्या महिन्यापर्यंत आळी सुधारली. जो तो आपापलं विरजण राखू लागला. फळीवरचे अकरा आकडे जागचे हलेनात. रोज पडायचा तो एकच, केसरच्या घराचा. पाडणारी मनुबाई.

मनुबाईचं घर आळीतलं तेरावं. पासष्टी उलटलेली, मागेपुढे कुणी नाही. घराला दार म्हणून नारळीच्या झावळ्यांचा झाप, आणि झापाला घंटा बसत नाही. गेली वीस वर्षं ती रोज सकाळी खापरी घेऊन केसरकडे विस्तवाला जायची. मनुबाई आली की आमची चुली पेटवायची वेळ झाली, आणि ती आली नाही तर जाऊन तिला बघायची वेळ झाली. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून समितीपुढे आला नाही.

समिती निर्दय नव्हती. तिने मनुबाईच्या मागच्या नोंदी खोडल्या आणि तिला काड्यापेटी दिली. मनुबाईने ती वर फळकुटावर ठेवली आणि खापरी घेऊन केसरकडे गेली.

मग एका सकाळी विस्तव घेऊन परतताना ती माझ्या पडवीत आली.

"किती झाल्या गो नलू माज्या चोऱ्या?"

"नऊ, मावशी."

"आन् धाव्याला?"

"पोलीस पाटील."

"बरा हाय तो. त्याच्या बारशाला मीच पाळना म्हनला व्हता." ती वहीवर वाकली. तिला वाचता येत नाही, तरी बघत राहिली. "आजचा हेतू काय लिवलास?"

"विस्तव."

"खोटं हाय ते. काड्या हायेत माज्याकडं. सहज लिव."

"सहजच्या दोन धरतात मावशी. दहा होतील."

"व्हय? मग राहू दे विस्तव. पन उद्यापासून न्हाय येत मी. म्हातारपनी पाटलाच्या दारात कुठं उभी राहू?"

मी मान हलवली आणि सुपारी सोलू लागले. वही माझ्याच मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशीही नाही. सलग तीन दिवस चोरी नाही, हा आळीचा उच्चांक. बाळाजीशेठांनी नारळ फोडला, भावोजींच्या गळ्यात हार घातला, घरोघर गूळखोबरं वाटायचं ठरलं. वाटप तेरा घरी. चोराचा असला तरी वाटा चुकवायची रीत आमच्याकडे नाही.

मनुबाईचा वाटा घेऊन मी आणि केसर गेलो. झाप ओढला. चूल थंड होती. मनुबाई चुलीपाशी आडवी पडली होती, मांडीचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले. फळकुटावरची काड्यापेटी काढायला पाटावर चढली, तिथून पडली, ती तीन दिवस तिथेच. पेटी मुठीत होती. एकही काडी ओढलेली नव्हती.

केसरने तिच्या तोंडात पाणी घातलं. मनुबाईने डोळे किलकिले केले आणि माझ्याकडे बघितलं.

"कोन, नलू? हेतू काय?"

"सहज, मावशी."

"मग दोन झाल्या तुज्या," ती म्हणाली.

हाडवैद्य आला, फळ्या बांधल्या, मनुबाई वाचली. आता केसर रोज सकाळी खापरीतून विस्तव घेऊन तिच्याकडे जाते. झापाला घंटा नसल्याने याची नोंद होत नाही.

मी भावोजींना विचारलं, "कुणी आलं की वाजते, तशी कुणी आलं नाही की वाजेल अशी सुधारणा होईल का हो?" त्यांनी बरणीत नवसागर घातला. मग म्हणाले, "वहिनी, तसली कळ मुंबईतसुद्धा मिळत नाही."

त्या तीन दिवसांची नोंद समितीने मात्र खोडली नाही. उच्चांक तो उच्चांक. वहीच्या पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहिला आहे, अक्षर माझंच.

आपल्याही दाराला घंटा असेलच. ती गेले तीन दिवस वाजली नसेल, तर समितीतर्फे आपलं मनःपूर्वक अभिनंदन.