पोस्ट बॉक्स नंबर बारामधला खलाशी

मी आमच्या पोस्टात काउंटरवर बसतो. गेली एकवीस वर्षं त्याच जागी बसतोय. (मधल्या काळात खुर्ची दोनदा बदलली, मी नाही.) गेल्या वर्षी एका सोमवारी मी स्वतःकडूनच दहा पोस्टकार्डं विकत घेतली. पैसे स्वतःच दिले, स्वतःच घेतले, सुटे नाहीत म्हणून स्वतःवरच थोडा वैतागलोसुद्धा. एवढ्याशा खरेदीने आमच्या घरात एक माणूस वाढला आणि माझी उरलीसुरली पत गेली.

झालं असं की, वरून परिपत्रक आलं. खातं तोट्यात आहे हे मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून ऐकतोय, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही. पण या वेळी आकडा दिला होता. ज्या पोस्टात रोज सरासरी चाळीसपेक्षा कमी टपाल पडतं, ते बंद करून मुख्य कार्यालयात विलीन करणार. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस मोजणी.

आमच्याकडे रोज अकरा पत्रं पडायची. त्यातल्या सात बँकेच्या नोटिसा. दोन पत्रं एक गृहस्थ नगरपालिकेला पाठवायचे, घरासमोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल. (ते गटार कधीच साफ होऊ नये, अशी आमची मनोमन इच्छा होती.) उरलेली दोन कोणाची ते आमच्या पोस्टमनलाही माहीत नव्हतं.

पोस्टमास्तरांनी परिपत्रक वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि पंखा एकने वाढवला. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते.

मला मात्र ते परवडणारं नव्हतं. मुख्य कार्यालय बसने दीड तासावर. बायको दवाखान्यात नोकरीला. सकाळी आठला जाते, संध्याकाळी सहाला येते. घरात दिवसभर एकटे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. पोस्टापासून आमचं घर चार मिनिटांवर, म्हणून साडेबाराला मी घरी जातो, जेवण गरम करतो आणि आम्ही दोघं जेवतो. त्याच्या काही महिने आधीच ते न्हाणीघरात घसरून पडले होते. मी जेवायला पोचलो म्हणून अर्ध्या तासात उचलले गेले. पोस्ट हललं की तो अर्धा तास संध्याकाळी सहापर्यंत लांबणार, हे मला आणि बायकोला दोघांनाही कळत होतं. तो विषय आम्ही काढत नव्हतो.

म्हणून मी ठरवलं की, टपाल आपणच वाढवायचं.

पण पत्र लिहायचं कोणाला? एकवीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यावर माझ्या लक्षात आलं की मला पाठ असलेला पत्ता एकच आहे, माझ्या घराचा. बायकोला लिहावं तर ती अक्षर ओळखणार. मग सासऱ्यांनाच लिहिलं. ते पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवायचे. डावा हात वापरून मी लिहिलं, 'पूज्य गुरुजी, साष्टांग नमस्कार. आपण शिकवलेली भूमिती आयुष्यभर उपयोगी पडली. आपला एक जुना विद्यार्थी.' परतीचा पत्ता हवा म्हणून आमच्याच पोस्टातला रिकामा बॉक्स नंबर बारा टाकला. त्याची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे जेवायच्या आधी टेबलाशी येऊन बसले होते. एरवी त्यांना तीन हाका माराव्या लागतात. त्यांनी मला ते कार्ड वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा दाखवलं. मी आश्चर्य दाखवलं. मला ते नीट जमत नाही, पण माझ्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता.

त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. 'कोणती भूमिती उपयोगी पडली ते लिही. शिवाय बाक कितवा होता?'

मी तिसरा बाक लिहिला. त्यांनी कळवलं की तिसऱ्या बाकावर तिघं होते. एक आता दातांचा डॉक्टर आहे, त्यानेच मागच्या महिन्यात आपली कवळी बसवली, त्यामुळे तो तू नव्हेस. दुसरा वारला. म्हणजे तू तो, जो घरातून पळून जहाजावर गेला.

दोघांतला जिवंत वाट्याला आला, म्हणून मला हायसं वाटलं. पण समुद्र मी आजवर दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा कॅलेंडरवर. तरी चार पत्रं मी जहाजावर काढली. मग सासऱ्यांनी विचारलं, 'तुझ्या पत्रावर आमच्याच पोस्टाचा शिक्का कसा?' तेव्हा मला जहाज सोडावं लागलं. मी लिहिलं की छातीच्या दुखण्याने परत आलोय, इथेच खोली घेऊन राहतोय, कोणाला तोंड दाखवायची लाज वाटते.

हे लिहायला नको होतं. सासऱ्यांचं जेवण निम्म्यावर आलं. पोरगा एकटा आहे, आजारी आहे, एवढंच त्यांच्या तोंडी. शनिवारी सकाळी बायको माझ्या काउंटरसमोर उभी. हातात पार्सल.

"अहो, हे बॉक्स नंबर बाराला पाठवायचंय. बाबांनी लोकर आणायला लावली, मी मफलर विणलाय. नीट पोचेल ना?"

"पोचेल," मी म्हणालो आणि माझंच पार्सल वजनकाट्यावर ठेवलं. तिने पावती घेतली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि गेली.

मफलर उबदार होता. (ऑफिसात घालायचो. घरी निघताना ड्रॉवरमध्ये.)

मोजणीचा पंधरवडा सुरू झाला, त्याच दिवशी अकरा वाजता सासरे काठी टेकत पोस्टात हजर झाले. बॉक्स नंबर बारा कोणाच्या नावावर आहे, असं त्यांनी मला विचारलं. बॉक्सधारकाची माहिती देता येत नाही, असा नियम मी सांगितला. त्यावर ते म्हणाले की नियम बरोबर आहे, आपण तो मोडायला सांगत नाही. पण तो मुलगा कधीतरी पत्र काढायला येईलच, तोवर आपण इथे बसू. आणि भिंतीलगतच्या बाकावर बसले.

ते पंधरा दिवस बसले. मी डबा पोस्टातच मागवू लागलो. बॉक्स नंबर बारा उघडायची सोय राहिली नाही, त्यामुळे खलाशाची पत्रं बंद पडली आणि मोजणीतली माझी कमाईच बुडाली. पण सासऱ्यांना नुसतं बसवत नाही. समोर कोणी फॉर्म भरताना अडलं की ते काठीने त्याला जवळ बोलवायचे. बचत खात्याचा फॉर्म तीन पानी आहे. तो चुकला की मी 'चूक आहे' म्हणून परत द्यायचो. कुठे चूक आहे ते सांगावं, असं मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. सासरे बोट ठेवून सांगायचे, मग खडसावायचे, मग पुन्हा लिहून घ्यायचे. लोक दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन यायचे. एक बाई तर फक्त सही सुधारून घ्यायला आली. सासऱ्यांच्या ओळखीचे निवृत्त शिक्षक गप्पांना येऊ लागले. त्यांना ते दोन-दोन कार्डं घ्यायला लावायचे आणि जुन्या विद्यार्थ्यांना लिहायला बसवायचे. आमच्या पोस्टात रांग लागली. पोस्टमास्तर दारात येऊन ती बघून गेले आणि पंखा आणखी एकने वाढवला.

शेवटच्या दिवशी तपासनीस बाई आल्या. तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. मी अभिमानाने सरासरी सांगितली, बावन्न. त्यांनी वहीवरून मान वर केली.

"यात पोस्टकार्डं किती?"

"बहुतेक सगळीच," मी म्हणालो.

त्यांनी शांतपणे समजावलं. एक कार्ड घरपोच करायला खात्याला जो खर्च येतो, त्याच्या पासंगालाही कार्डाची किंमत पुरत नाही. जितकी कार्डं जास्त, तितका तोटा जास्त. या महिन्यात सगळ्या विभागात सर्वांत वेगाने तोटा कोणाचा वाढला असेल, तर तो आमच्या पोस्टाचा. शिवाय टपालाची मोजणी रद्द होऊन तीन आठवडे झाले होते. आता नवी बचत खाती मोजणार होते. तसा ई-मेल आला होता; पण कॉम्प्युटरने पासवर्ड बदला म्हटल्यापासून पोस्टमास्तरांनी तो उघडला नव्हता.

मी खुर्चीत बसलो. दोन महिने डाव्या हाताने मी माझं पोस्ट बुडवत होतो.

बाईंनी खात्यांची वही मागितली. पाठीमागच्या वर्षभरात नवी खाती नऊ. या पंधरवड्यात एकसष्ट. त्यांनी आकडा दोनदा तपासला आणि हे कसं झालं ते विचारलं. मला उत्तर द्यावं लागलं नाही. बाकावर सासरे एका म्हाताऱ्याला जन्मतारखेच्या चौकटीत वाढदिवसाचा वार लिहू नये, हे पटवत होते.

अहवाल आठवड्याने आला. पोस्टाला एक वर्षाची मुदत मिळाली, पुढचं पुढे बघू. पोस्टमास्तरांनी तो मोठ्याने वाचला. 'खातेवाढीचे श्रेय कार्यालयात विनावेतन बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना जाते. काउंटरवरील कारकुनाने त्यांच्याकडून जनतेशी कसे बोलावे, हे शिकून घ्यावे.' शेवटचं वाक्य त्यांनी, मला नीट ऐकू यावं म्हणून, परत वाचलं.

पोस्ट वाचलं, पण सासरे अजून बाकावर बसत होते आणि दार वाजलं की मान वर करत होते. मला ते बघवेना. एका दुपारी डबा उघडल्यावर मी सांगून टाकलं.

"बाबा, तो यायचा नाही. बॉक्स नंबर बारा माझाच आहे. पत्रं मीच लिहिली."

त्यांनी घास संपवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "चार पत्रं जहाजावरून लिहिलीत, त्यात वारा नाही, पाणी नाही. एकात मात्र लिहिलंय, 'शिक्का पुसट उमटला तर माफ करा.' खलाशी असं लिहितो होय? मुलीनेही ओळखलं. मफलर तुमच्या मानेच्या मापाचा आहे."

"मग इतके दिवस इथे कोणाची वाट बघत होतात?"

"तुमची. कधी कबूल करता ते बघत होतो." मग डब्याकडे बघत म्हणाले, "आणि घरी एकट्याला बसवत नाही मला. तिथे पडलो होतो ना, तेव्हापासून."

मी त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं. मग म्हणालो की आता पत्रं थांबवतो.

"का? त्या मुलाने काय वाईट केलंय?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तुमचं काम करा. त्याचं-माझं आम्ही बघू."

तेव्हा खलाशी चालूच आहे. सासरे माझ्याच काउंटरवर कार्ड विकत घेतात, बाकावर बसून मला लिहितात, माझ्यासमोर पेटीत टाकतात, आणि मी दुसऱ्या दिवशी बॉक्स उघडून ते वाचतो. प्रत्येक कार्डामागे खात्याचा तोटा वाढतो, पण तपासनीस बाई म्हणाल्या होत्या की एकसष्ट खात्यांत तेवढं खपून जाईल.

कबुलीनंतरचं पहिलंच कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं, 'तुझ्यासारखा कष्टाळू, मनमोकळा जावई मिळाला असता, तर माझ्या मुलीचं कल्याण झालं असतं.'

मी बराच विचार करून डाव्या हाताने लिहिलं, 'गुरुजी, आपले जावईही चांगले आहेत, असं ऐकतो.'

उलट टपाली उत्तर आलं. एकच ओळ होती.

'कोणाकडून ऐकलंस?'