बारा टेबलं आणि एक काटा

रसायनशास्त्रात मला कोणी चकवू शकत नाही, असं मी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं! मी शिकवत होते त्या दिग्रसच्या कॉलेजला परीक्षा केंद्र मिळून ते पहिलंच वर्ष. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी नापसंती कळवली की केंद्र रद्द. मग पोरांनी यष्टीत लोंबकळत पुसदला जायचं.

म्हणून प्रयोग मुद्दाम सोपा निवडला. दोन बीकर, दोन्हींत मोरचुदाचं पाणी, दोन्हींत तांब्याची पट्टी. फक्त एक पाणी दुसऱ्याच्या दहापट कडक. एवढ्या फरकावर वीज तयार होते! सूत्रात आकडे घातले की उत्तर ०.०२९५ व्होल्ट. सकाळी बारा टेबलं मी स्वतः मांडली, "पाहुणे यायच्या आत सगळं नीटनेटकं करून ठेवा" असं आमच्या परिचर लखीरामभाऊंना बजावलं आणि परीक्षकांना आणायला स्टँडवर गेले.

परीक्षा सुरू झाली. पहिल्या टेबलावर काटा शून्यावर. दुसऱ्यावर शून्य. बाराही टेबलांवर शून्य!

"मॅडम, हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"तारा उलट लागल्या असतील, सर!"

तारा बदलल्या. शून्य! मीटर मेला असेल म्हणून एका बीकरमध्ये तांब्याच्या जागी जस्ताची पट्टी बुडवली, तर काटा थेट दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला. म्हणजे मीटर शाबूत, माझीच अक्कल गुल!

परीक्षकांनी दोन बीकर जोडणारी मिठाच्या पाण्याची नळी उचलली. तिच्या तोंडाला बोळे होते.

"हा कापूस कुठला?"

"इथलाच, सर."

"मग बरोबर! यंदाच्या कापसात कसला आलाय दम?"

त्या वर्षांत कापसाचं पीक सारखं बुडायचं, त्यामुळे आमच्याकडे काहीही बिघडलं की दोष कापसालाच. मी मेडिकलमधून कापसाचं बंडल मागवलं, बाराही नळ्यांचे बोळे बदलले. शून्य! मी इतकी भांबावले की शून्याचा लॉग किती, हे परीक्षकांनाच विचारून बसले.

शेवटी पोरांच्या कानाशी कुजबुजले, "०.०२९५ लिहा!" अकरा जणांनी मुकाट्याने लिहिलं. बबिता राठोड मात्र ऐकेना.

"काटा तं शून्यावर आहे, मॅडम."

"उत्तर चुकेल, बबिता!"

"काहून? दोन्हीकडचं पाणी सारखंच निळं आहे ना! फरकच नाही तं वीज कुठून येईन?"

तासाभरात मी पहिल्यांदा मीटर सोडून पाण्याकडे पाहिलं. दोन्ही बीकर जुळ्या बहिणींसारखे!

"लखीरामभाऊ!"

ते हात पुसत, हसत आले. "एकात गडद, एकात फिक्कं होतं, मॅडम. पाहुणे म्हनले असते, इथं दुजाभाव करून राह्यले. म्हून म्या सारं बकेटीत एक केलं अन् सारखं सारखं भरलं. आमच्या तांड्यात पंगतीले बी असंच वाढतेत!"

मला रडू फुटायचंच बाकी होतं. केंद्र गेलंच, असं मी मनाशी धरलं.

परीक्षक मात्र पोट धरून हसले. "शून्यच बरोबर! या पोरीला पूर्ण गुण. जिथं एकजण तरी डोळ्यांनी बघून लिहितंय, ते केंद्र मी कशाला बंद करू? बाकीच्यांचा प्रयोग नव्या पाण्यानं पुन्हा घ्या. आणि मॅडम, तुम्ही फक्त स्टुलावर बसायचं!"

मी लखीरामभाऊंना बाजूला घेऊन समजावलं, की सारखं भरलं की सगळं ठप्प, फरक ठेवला तरच गाडी चालते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

चार वाजता चहा आला. परीक्षकांचा कप काठोकाठ भरलेला. माझ्या कपात तळाशी जेमतेम एक घोट!

"आता जमलं ना, मॅडम?" लखीरामभाऊंनी अभिमानानं विचारलं. "बराबर फरक ठेवला!"

मी तो घोट पिऊन टाकला. काय सांगू, प्रमाण अगदी एकास दहा होतं!